नजर अधू झालेल्या ओमानी काकांसाठी रेडिओ सुचवा (अरबी फुटबॉलचं धावतं वर्णन ऐकायला)

रुवीकर | ८ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मस्कतला, रुवीत, मला चौदा वर्षं झाली. आमच्या गोदामाच्या फाटकाशी एक वयस्कर ओमानी गृहस्थ बसतात. सगळे त्यांना 'अम्मी' म्हणतात; अरबीत त्याचा अर्थ 'माझे काका'. मधुमेहामुळे दोन वर्षांत त्यांची नजर फार उतरली. फाटकाचं काम आता भाचा बघतो, तरी दुपार कलली की अम्मी येऊन आपल्या खुर्चीत बसतात. फुटबॉल हा त्यांचा जीव की प्राण. १७ जानेवारी २००९ ला इथे मस्कतमध्ये, सुलतान काबूस संकुलात, ओमानने सौदीला पेनल्टीवर हरवून पहिल्यांदा खलिजी कप (आखाती देशांची फुटबॉल स्पर्धा) जिंकला तेव्हा ते मैदानात होते. अली अल-हब्सी गोलात कसा उभा होता ते आजही खुर्चीतून उठून, हात पसरून दाखवतात.

२१ तारखेपासून कुवेतला पुन्हा खलिजी कप आहे आणि पहिलाच सामना कुवेत-ओमान. अम्मी सध्या भाच्याच्या मोबाइलवर सामना ऐकतात. समोर करक चहाचं दुकान आहे, तिथे टीव्ही आहे. मागे एका सामन्यात दुकानातून एकदम आरोळी उठली. अम्मींनी मान वर केली, फोन तसाच कानाला. फोनमधला समालोचक अजून मधल्या मैदानातल्या पासबद्दल बोलत होता. अम्मी काही बोलले नाहीत, नुसते थांबून राहिले. अर्ध्या मिनिटाने फोनमध्ये 'गोऽऽल' झालं. तोवर दुकानातल्या पोरांनी पुन्हा चहाचे कप उचलले होते. मला ते बघवलं नाही.

म्हणून त्यांना एक छोटा रेडिओ भेट द्यायचा आहे. खिशात किंवा मांडीवर राहील असा, हाताच्या स्पर्शाने चालवता येईल असा, आवाज स्वच्छ असलेला. इथे एफएमवर ओमानच्या संघाच्या सामन्याचं वर्णन लागतं. वीस-पंचवीस रिआलपर्यंत जाऊ शकतो. कोणता घ्यावा?

खरखर | ८ डिसेंबर

रुवीकर, हा धागा काढलात, फार बरं वाटलं. सावंतवाडीला रेडिओदुरुस्तीत चाळीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मोबाइलवर उशीर होतो त्यात नेटच्या वेगाचा दोष फारसा नसतो. प्रक्षेपणाचा आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवला जातो, आणि तीन-चार तुकडे हाताशी जमल्याशिवाय अ‍ॅप वाजवायला सुरुवातच करत नाही. मध्ये नेट अडखळलं तर आवाज तुटू नये म्हणून ही बेगमी. त्यामुळे महागातलं कनेक्शन घेतलंत तरी वीस-तीस सेकंद मागे राहायची तयारी ठेवावी लागते. एफएमला अशी बेगमी नाही. मनोऱ्यावरून निघालेला आवाज त्याच क्षणी कानात. कुवेतहून मस्कतच्या केंद्रापर्यंत आवाज उपग्रहाने आला तर वर-खाली जाण्यात पाव सेकंद, यंत्रांमध्ये आणखी थोडा. एक मात्र ध्यानात ठेवा: समालोचक मैदानात न बसता स्टुडिओत पडदा बघून बोलत असेल तर त्याच्या पडद्याचा उशीर त्यालाही लागू. तरी करकच्या दुकानाच्या बरोबरीने ऐकू येईल, हे नक्की.

आता यंत्र. दुकानदार तुम्हाला आकड्यांचा पडदा असलेला, भरपूर बटणांचा डिजिटल रेडिओ दाखवील. टेकसनचा पीएल-३३० माझ्याकडे आहे, मला अत्यंत प्रिय आहे, जुन्या नोकियाच्या फोनमधली बीएल-५सी बॅटरी त्यात चालते, स्टेशनं स्वतः शोधून साठवतो. पण अम्मींसाठी तो घेऊ नका. एकेका बटणाला दोन-दोन कामं आहेत आणि थोडं जास्त दाबलं तर भलतंच काही चालू होतं. दिसत नसलेल्या माणसाला यंत्राची अवस्था बोटांना कळली पाहिजे: चक्र किती फिरलंय, खटका वर आहे की खाली.

जुन्या पद्धतीचा, काटा फिरवायचा, एफएम-एएम असे दोनच बँड असलेला घ्या. सोनीचा आयसीएफ-३०६ पाहा, पेन्सिल सेलवर चालतो. आवाजाचं चक्र, स्टेशनचं चक्र आणि बँडचा खटका, संपला कारभार. एकदा तुम्ही स्टेशन लावून द्या आणि त्या जागी चक्रावर नेलपॉलिशचा जाडसर थेंब टाका. वाळला की बोटाला खडा लागतो. माझ्या आईच्या रेडिओवर मुंबई 'ब' साठी असा थेंब होता, शेवटपर्यंत तिने स्टेशन लावायला कुणाला हाक मारली नाही.

शुभ्रा_मस्कत | ९ डिसेंबर

मी इथे रुग्णालयात परिचारिका आहे आणि अरबी बऱ्यापैकी बोलते. खरखर यांचं म्हणणं पटलं. मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे: मोबाइलवर ते नेमकं काय ऐकत होते? बहुतेक वेळा तो टीव्हीच्या प्रक्षेपणाचा आवाज असतो. टीव्हीचा अरबी समालोचक आणि रेडिओचा समालोचक ह्यांचं काम वेगळं.

टीव्हीवरच्यांची मी चाहती आहे. ट्युनिशियाचे इसाम अश-शवाली, अल्जीरियाचे हफीझ दर्राजी, अमिरातीचे फारिस अवद, आपल्या ओमानचे खलील अल-बलूशी. ह्यांचा आवाज चढत जातो तेव्हा अंगावर काटा येतो. शुद्ध अरबीत सुरुवात, मध्येच एखादी कवितेची ओळ, आणि गोल झाला की थेट घरातली बोली. पण चेंडू कुठे आहे हे त्यांना सांगावं लागत नाही, ते प्रेक्षकाला दिसतंच. अम्मींना नेमकं तेच हवंय. उजवीकडून आला, कडेच्या रेषेपाशी थांबला, मागे दिला, कुणाच्या पायात आहे. म्हणून रेडिओचंच वर्णन हवं.

इजिप्तचे मोहम्मद लतीफ ह्या परंपरेतले थोर. स्वतः खेळाडू, १९३४ च्या विश्वचषकाला गेलेल्या इजिप्तच्या संघात होते, स्कॉटलंडच्या रेंजर्सकडूनही खेळले, आणि मग मायक्रोफोनसमोर आले. 'एल-कोरा इगवान', म्हणजे फुटबॉल म्हणजे गोल, हे त्यांचं वाक्य अरबी जगात म्हणीसारखं झालं आहे. आमच्या वॉर्डातले इजिप्शियन डॉक्टर अजून म्हणतात.

रुवीकर | ९ डिसेंबर

शुभ्राताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. विचारलं, भाचा टीव्हीच्याच वाहिनीचा आवाज लावून देत होता. अम्मी म्हणाले, "हा माणूस छान बोलतो, पण मला मैदान दिसत नाही." इतके दिवस त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मला अरबी कामापुरतं येतं. समालोचनातले नेहमीचे शब्द कुणी लिहाल का? त्यांच्याशेजारी बसून ऐकायचा विचार आहे.

शुभ्रा_मस्कत | ९ डिसेंबर

अवश्य. अर्धे तुम्हाला येतातच, फक्त ओळखायचे आहेत.

गोलचा खांब म्हणजे 'काइम'. आपलं 'कायम' तेच, उभा राहिलेला, टिकून असलेला. पंच म्हणजे 'हकम', 'हुकूम' आणि 'हाकिम' ह्याच मुळातले. शेवटची मिनिटं म्हणजे 'अद्-दकाइक अल-अखीरा', त्यातलं 'अखीर' हेच आपलं 'अखेर'. आणि माझा सगळ्यात आवडता: वाया गेलेल्या मिनिटांची भरपाई म्हणून शेवटी जो वेळ देतात त्याला म्हणतात 'अल-वक्त बदल अद्-दाइ'. वक्त म्हणजे आपला वखत, बदल म्हणजे बदल्यात, दाइ म्हणजे हरवलेला. हरवलेल्या वेळेच्या बदल्यातला वेळ. फारसीवाटे आपल्याकडे आलेले हे शब्द शेकडो वर्षं मराठीत नांदतायत, आणि इथे मैदानात ते पुन्हा भेटतात.

बाकी पाठ करायचे: हदफ म्हणजे गोल, हारिस गोलकीपर, तसल्लुल ऑफसाइड, रुक्निया कॉर्नर, रकलत जझा पेनल्टी, हज्मा मुरतद्दा प्रतिहल्ला, शौत म्हणजे अर्धा डाव, बिताका सफ्रा पिवळं कार्ड, हम्रा लाल.

गुहागरी | १० डिसेंबर

वाचून राहवलं नाही. १९८३ ते ९० मी कुवेतला होतो. तिथे समालोचक खालिद अल-हरबान यांचा आवाज म्हणजे घरातल्या माणसाचा आवाज. आमच्या खोलीत आठ जण, टीव्ही नव्हता, एक ट्रान्झिस्टर. अरबी कुणाला धड येत नव्हतं, तरी सामना असला की आठही जण त्याच्याभोवती. लहानपणी गावी बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकताना वडील आणि काका असेच बसायचे, त्यामुळे परकं असं कधी वाटलंच नाही. ऑगस्ट ९० मध्ये इराकी फौजा आल्या आणि सगळं तिथेच राहिलं. अम्मानवरून विमानाने मुंबईला उतरलो तेव्हा एका पिशवीत कागदपत्रं आणि दुसरीत तो ट्रान्झिस्टर. वाळवंटातल्या छावणीत बातम्या त्याच्यावरच ऐकल्या होत्या, टाकवेना.

तो अजून चालतो. आमच्या किनाऱ्यावर रात्री मध्यम लहरींवर, म्हणजे एएमवर, आखातातली अरबी स्टेशनं लागतात. दिवसा वातावरणातला खालचा एक थर ह्या लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्या वरून परतून समुद्रापार येतात. रेडिओ हळूहळू गोल फिरवायचा, आतली फेराइटची कांडी (ह्या लहरी पकडणारा अँटेना) आडवी लागली की आवाज उभा राहतो. माझ्या वाडीतली अर्धी घरं आखातातल्या पैशावर उभी आहेत, पण रात्री तिथला आवाज असा ऐकणारा मी एकटाच उरलोय.

रुवीकर, एएमचा बँडही असलेला घ्या. लागेल कधीतरी.

खरखर | १० डिसेंबर

गुहागरी, तो ट्रान्झिस्टर कधी बिघडला तर कुठेही देऊ नका, सावंतवाडीला पाठवा. पैसे घेणार नाही.

एएमवरून आठवलं. आपल्याकडे आणि आखातात मध्यम लहरींवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. अमेरिकेहून कुणी डिजिटल रेडिओ आणला आणि त्यात ९ ची सोय नसली तर काटा स्टेशनच्या आजूबाजूलाच पडतो. जपानमधल्या जुन्या सेटचा एफएम ९० मेगाहर्ट्झलाच संपतो. काट्याच्या रेडिओत पहिली अडचण येत नाही, दुसरी येते. तेव्हा बँड १०८ पर्यंत आहे ना, पट्टीवर बघून घ्या.

दोहाकर | १२ डिसेंबर

शुभ्राताईंच्या मुद्द्याला दुजोरा. २०२२ चा विश्वचषक इथे झाला तेव्हा दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी वेगळं वर्णनात्मक समालोचन होतं, इंग्रजीत आणि विश्वचषकात पहिल्यांदाच अरबीतही. मोबाइलवर अ‍ॅपमधून ऐकायचं. २२ नोव्हेंबरला लुसैलच्या मैदानात सौदी-अर्जेंटिना सामन्याला मी होतो. आमच्या पुढच्या रांगेत एक तरुण सौदी, सोबत त्याची बहीण. त्याच्या एका कानात इअरफोन, दुसरा कान मैदानाला मोकळा. सालेम अद्-दौसरीने दुसरा गोल केला तेव्हा तो उभा राहून बहिणीला सांगत होता की चेंडू कसा वळला. तिने डोळ्यांनी बघितला होता, पण गर्दीत तिला नीट दिसलं नव्हतं. आम्हीही मागून ऐकत होतो.

त्यावरून एक सूचना: दोन्ही कानांत इअरफोन देऊ नका. एकच द्या, नाहीतर स्पीकरवरच ऐकू द्या. आजूबाजूच्या माणसांचा गलका हा सामन्याचा भाग आहे.

रुवीकर | १५ डिसेंबर

थोडी निराशा झाली आहे. खरखरांनी सांगितलेला सेट जवळच्या दुकानात नव्हता. दुकानदाराने त्याऐवजी 'सगळं एकात' असलेलं यंत्र गळ्यात मारलं: रेडिओ, ब्लूटूथ, मेमरी कार्ड, पुढे रंगीत दिवे, साडेनऊ रिआल. चालू केलं की आधी एक बाई इंग्रजीत मोठ्याने काहीतरी सांगते. मग स्टेशन थोडं जरी क्षीण झालं की आवाज पूर्ण बंद होतो. बेस इतका की समालोचकाचा आवाज घागरीतून आल्यासारखा. अम्मींनी दहा मिनिटं ऐकलं, माझं मन राखायला "ताय्यिब, ताय्यिब" (छान, छान) म्हणाले आणि मांडीवर ठेवून दिलं. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

खरखर | १५ डिसेंबर

वाईट वाटून घेऊ नका. आवाज बंद होणं हा त्याच्या चिपचा गुण आहे. क्षीण स्टेशनला ती खरखर समजून गप्प करते. काट्याच्या रेडिओत खरखर वाढते, पण तिच्यामागे माणूस बोलत राहतो आणि आपला कान त्याला शोधून काढतो. सामना ऐकणाऱ्याला तुटलेल्या शांततेपेक्षा खरखर शंभरपट बरी.

बेसचं म्हणाल तर बोलणं समजतं ते मधल्या पट्टीतल्या आवाजामुळे. अरबीत तर घशातले ह, ख, क, अइन हे वर्ण एकमेकांपासून वेगळे कळले पाहिजेत. तळहाताएवढा कागदी कोनाचा स्पीकर ह्या कामाला उत्तम.

मत्राहच्या बाजूला किंवा रुवीच्या मुख्य रस्त्यामागे जुनी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं असतील, तिथे विचारा. घेताना दुकानातच लावून बघा, पण एलईडीच्या झगमगाटाखाली नाही, दाराशी येऊन. एफएमचा दांडा पूर्ण ओढा. ७५ सेंटिमीटरच्या आसपास भरला तर उत्तम. एफएमच्या लहरीची लांबी साधारण तीन मीटर, तिचा चौथा हिस्सा.

रुवीकर | १९ डिसेंबर

मिळाला! आयसीएफ-३०६च, मत्राहच्या एका जुन्या दुकानात. चालवून, दांडा मोजून घेतला. माझ्या बायकोच्या नेलपॉलिशचा लाल थेंब चक्रावर टाकला, रात्रभर वाळू दिला. आज अम्मींच्या हातात दिला. आधी त्यांनी सगळीकडून बोटं फिरवली. मग चक्र फिरवत आणलं, थेंबाशी अंगठा थांबला. स्टेशन लागलं. त्यांनी पुन्हा मुद्दाम काटा घालवला आणि पुन्हा आणला. असं पाच-सहा वेळा केलं.

शुभ्रा_मस्कत | २० डिसेंबर

डोळ्यांत पाणी आलं हो.

रुवीकर | १ जानेवारी २०२५

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. सांगायला उशीर झाला, रोज फाटकाशीच मुक्काम आहे.

कुवेतशी १-१, कतारवर २-१, अमिरातीशी १-१. आणि काल सौदीशी उपांत्य सामना. पहिल्या अर्ध्यातच आपला एक खेळाडू 'बिताका हम्रा' घेऊन बाहेर गेला. मी मान खाली घातली, तर अम्मींनी गुडघ्यावर थाप मारून मला गप्प बसवलं. दहा जणांनी २-१ जिंकलं! आता करकच्या दुकानातली दोन-तीन पोरं टीव्ही सोडून आमच्याकडे येऊन बसतात. पहिल्या गोलाला रेडिओ टीव्हीच्या आधी बोलला, दुकानाच्या उपग्रहाच्या डब्यापेक्षाही किंचित आधी. अम्मी ओरडले आणि मग दुकान ओरडलं. ह्या वेळी त्यांनी बातमी दिली.

गुहागरी | १ जानेवारी

जियो! अंतिम सामन्याला मीही इथून प्रयत्न करतो.

रुवीकर | ५ जानेवारी

काल हरलो. बहारीन २, ओमान १. सतराव्या मिनिटाला आपण पुढे गेलो होतो, तासभर पुढे राहिलो. ७८व्या मिनिटाला पेनल्टी, आणि दोनच मिनिटांत चेंडू आपल्याच खेळाडूकडून आपल्या गोलात. समालोचकाचा आवाज बसला. मग शब्द ऐकू आले, 'अल-वक्त बदल अद्-दाइ', आणि शुभ्राताई, मला कुणी सांगायच्या आधी कळले. मी मराठीतच म्हणालो, "हरवलेल्या वेळेचा बदला." अम्मींनी विचारलं काय म्हणालास. समजावून सांगितलं. 'बदल' तुमच्याकडेही? म्हणून दोनदा विचारलं.

शिट्टी झाल्यावर त्यांनी रेडिओ लगेच बंद केला नाही. पुढचं सगळं ऐकलं, बक्षीस समारंभापर्यंत. मग दांडा एकेक नळी करून आत ढकलला, सेल काढून रुमालात बांधले. सेल आत राहिले की पाझरतात हे त्यांना माहीत आहे.

२० मार्चला विश्वचषक पात्रतेचा सामना आहे, कोरियाशी, कोरियात. आपल्याकडे तेव्हा दुपार असेल, रमजानही असेल, आणि गोदामात माल उतरवायची वेळ. अम्मींना आत पत्र्याच्या शेडखाली बसावं लागेल आणि तिथे एफएम फार खरखरतो. खरखरदादा, दांड्याला तार जोडून खिडकीबाहेर सोडली तर चालेल का? किती लांब घेऊ?

खरखर | ५ जानेवारी

चालेल. साधी प्लास्टिकच्या वेष्टनाची तार, दीड ते दोन मीटर. टोकाचं वेष्टन बोटभर सोलून दांड्याच्या शेंड्याला चार वेढे द्या, वरून चिकटपट्टी. पत्र्याला तार टेकू देऊ नका. बाहेरचं टोक उभं लटकवा आणि एकदा आडवंही करून बघा, ज्यात साफ येईल ते ठेवा. मार्चच्या आधी एखाद्या दुपारी तालीम करून घ्या, आणि कसं येतंय ते इथे लिहा.